हिरूबाईच्या जीपचे लाईट

तिसऱ्यांदा फ्यूज उडाला तेव्हा हिरूबाई जीपच्या मडगार्डला टेकून उभी होती आणि मी डॅशबोर्डखाली पाठीवर पडलो होतो. माझे फक्त पाय बाहेर होते. त्यामुळे माझं तोंड कसं झालं ते तिला दिसलं नाही.

"मिस्त्री, परत गेला?"

"गेला नाही. सेटिंग चाललंय."

"मंग उजेड कुठं गेला?"

मी जळालेली तार उपसून काढली. फ्यूज म्हणजे मुद्दाम बारीक ठेवलेली तार. वायरला पेलेल त्यापेक्षा जास्त करंट वाहू लागला की आधी ही तार वितळते आणि पुढचं सगळं वाचतं. फ्यूज उडणं म्हणजे गाडीने मिस्त्रीला केलेली तक्रार. एकदा उडाला तर योगायोग म्हणता येतो. तीनदा उडाला तर ऐकायला हवं.

मी ऐकलं नाही. एकेरी तारेऐवजी मी दुहेरी तार पीळ देऊन घातली. लाईट लागले आणि लागलेलेच राहिले.

"आता काय केलंत?" हिरूबाईने विचारलं.

"मजबूत केलं," मी म्हणालो.

माझा ऑटो इलेक्ट्रिशियनचा धंदा. बोईसरला, कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर पत्र्याची शेड होती, अजूनही आहे. ट्रक, टेम्पो, रिक्षा यांचं वायरिंग, डायनॅमो, सेल्फ, हॉर्न. या गोष्टीला दहाएक वर्षं झाली. तेव्हा मी पस्तिशीत होतो आणि मला माझ्या हाताचा फार अभिमान होता. पुढचं सगळं त्या अभिमानाने केलं, हे आधीच सांगून टाकतो.

हिरूबाई मुरब्याची. घरची होडी होती. नवरा धर्मा त्या होडीचा तांडेल, म्हणजे होडी चालवणारा आणि खलाशांचा प्रमुख. मासळी विकायचं काम हिरूबाईचं. बाकीच्या बायका पाट्या घेऊन पालघर-बोईसरच्या बाजारात बसायच्या. हिरूबाईने जुनी, लिलावातली जीप घेतली आणि मनोर, विक्रमगडकडच्या आठवडी बाजारांत सुकी मासळी न्यायला सुरुवात केली. उजाडायच्या आत निघावं लागे. त्या बाजूचे रस्ते तेव्हा रस्ते नव्हतेच. दगड, ओढे, मध्येच आडवं पडलेलं झाड. जीपचे मूळचे हेडलाईट म्हणजे दोन म्हातारे, स्वतःपुरतं पाहणारे. ड्रायव्हर नथू एकदा सरळ ओढ्यात उतरला होता. बोंबलाची दोन गाठोडी भिजली, नथूचं काही गेलं नाही. पण हिरूबाई सांगताना बोंबलांचं आधी सांगायची.

नथू कुंभवलीचा. शांत माणूस. तो म्हणायचा, "मिस्त्री, मला फकस्त समोर काय हाय ते दिसू दे. बाकी मी बघतो."

पालघरच्या एका गॅरेजवाल्याने जादा लाईट बसवायचा जो भाव सांगितला तो ऐकून हिरूबाई माझ्याकडे आली. शेडमध्ये चार ड्रायव्हर चहा पीत बसले होते. त्यांच्यासमोर मी म्हणालो, "निम्म्यात करतो."

एवढंच वाक्य. त्या गॅरेजवाल्याकडे मी उमेदवारी केली होती. तो महागात काम करतो आणि मी तेच स्वस्तात करून दाखवतो, हे चार लोकांनी ऐकावं एवढाच त्यामागे हेतू होता. त्या कामात मला कमाई जवळजवळ काहीच झाली नाही. पैसे खाल्ले असते तर निदान लोकांना कारण तरी कळलं असतं.

निम्म्यात बसवायचं म्हणजे कुठेतरी निम्मं करावं लागतं. भंगारवाल्याकडून ट्रकचे दोन जुने गोल लाईट आणले. काचा धुतल्या, आतली चमक गेलेली होती ती पुसून जमेल तेवढी परत आणली. त्यात शंभर-शंभर वॅटचे हॅलोजन टाकले. पाण्याची जुनी पाईप वाकवून घेतली आणि विंडस्क्रीनच्या वर आडवी बसवली. त्यावर दोन्ही लाईट. उंच बसवले की खड्ड्याची सावली कमी पडते आणि लांबचं दिसतं. इथपर्यंत सगळं चोख. आजही मी लाज न वाटता दाखवीन.

पुढचं दाखवणार नाही. बारा व्होल्टच्या बॅटरीवर असे दोन बल्ब म्हणजे सतरा अँपियरच्या आसपास करंट. डॅशबोर्डवरचं साधं बटण त्याचा तिसरा हिस्साही पेलत नाही. म्हणून मध्ये रिले घालतात. रिले म्हणजे हमालासारखा एक खटका. बटणाने फक्त हुकूम द्यायचा, ओझं रिलेने उचलायचं. बॅटरीपासून रिलेपर्यंत आणि तिथून लाईटपर्यंत जाड वायर लागते.

बोईसर स्टेशनजवळच्या पार्ट्सच्या दुकानात बल्ब घेताना दुकानदार म्हणाला होता, "मिस्त्री, रिले नहीं ले रहे?"

"पडा है मेरे पास," मी म्हणालो.

नव्हता. वायर म्हणून मी घरातल्या बल्बला वापरतात ती बारीक वायर घेतली. शेडमध्ये गुंडाळी पडली होती. थेट बॅटरी, फ्यूज, बटण, लाईट. फ्यूज तीनदा उडाला आणि मी तार दुहेरी केली, ते सुरुवातीला सांगितलंच.

हे सगळं नथूने पाहिलं होतं. त्याने एकच प्रश्न विचारला. "मिस्त्री, तार डबल घातल्यावर ती जळल कशी?"

"जळू नये म्हणूनच घातली."

नथूने मान हलवली. त्याला पटलं नव्हतं. पण मी मिस्त्री होतो आणि तो ड्रायव्हर. आमच्या धंद्यात यावर बऱ्याच गोष्टी निभावून जातात.

हिरूबाई खूश झाली. "शनवारी संध्याकाळी घरी या. तुमचा उजेड आमच्या लोकांना दाखवू. आन् जेवूनच जा."

शनिवारी मी इस्त्रीचा शर्ट घालून मुरब्याला गेलो. हत्यारांची पिशवी शेडमध्येच ठेवली. पाहुण्याने पिशवी कशाला न्यायची?

हिवाळ्याचे दिवस होते. सूर्य बुडाला होता, आकाशात थोडा उजेड होता. किनाऱ्यावर बायका पाट्या घेऊन बसल्या होत्या, होड्या परतायची वेळ होती. हिरूबाईचा सासरा, बुधाजीबाबा, दोन कंदील घेऊन आला.

या कंदिलांचं सांगायला हवं. मुरब्याच्या खाडीच्या तोंडाशी वाळूचा उंचवटा आहे. होडीला आत यायला खोल पाण्याची एक चिंचोळी वाट सोडली तर दोन्ही बाजूंना वाळू. बुधाजीबाबा एक कंदील पाण्याजवळच्या बुटक्या खांबावर लावायचा आणि दुसरा मागे, उंच खांबावर. समुद्रातून येणाऱ्या तांडेलाला दोन्ही कंदील बरोबर एकावर एक दिसले म्हणजे होडी खोल वाटेत. एक जरा बाजूला सरकलेला दिसला की वळवायची. ना यंत्र, ना नकाशा. दोन काचेच्या चिमण्या आणि घासलेट. त्यावर अख्खं गाव घरी येत होतं.

मी कौतुकाने पाहत होतो. तेवढ्यात एक म्हातारी म्हणाली, "हिरू, तुज्या गाडीला म्हणं शिंगं लावलीत?"

"शिंगं नाय, डोळे," हिरूबाई म्हणाली. "हे बघ, ह्यांनीच लावले. दिसतात गरीब, पण हात हुशार हाय."

पन्नास माणसं माझ्याकडे पाहत होती. मी नथूला म्हणालो, "गाडी जरा समुद्राकडे फिरव. लांब कुठवर जातो ते दिसेल."

बुधाजीबाबा लगेच म्हणाला, "आता नको. होड्या यायच्या हायेत."

"एकच मिनिट, बाबा. लावला आणि बंद केला."

बटण मी स्वतः दाबलं.

खरं सांगतो, उजेड सुंदर पडला. पांढरा झोत वाळूवरून, लाटांवरून सरळ खाडीच्या तोंडापर्यंत गेला. बायका "अगंऽऽ" म्हणाल्या. पोरं झोतात नाचायला धावली. मी दहापर्यंत आकडे मोजावेत एवढा वेळ तो अभिमान उपभोगला. मग बटण बंद केलं.

लाईट चालूच राहिले.

पुन्हा वर-खाली केलं. चालूच. त्या क्षणी मला सगळं कळलं. बटणाच्या आतली पितळी टोकं करंटने तापून वितळली होती आणि एकमेकांना चिकटली होती. बाहेरून बटण हलत होतं, आतून जोड तसाच होता. फ्यूज उडायला हवा होता, पण तो मी मजबूत केला होता.

"मिस्त्री, बंद करा आता," हिरूबाई म्हणाली. अजून हसत होती.

"करतोय. बटण जरा फॉल्टी निघालं. कंपनीचा माल हल्ली..."

नथू खाली वाकून माझ्या कानाशी म्हणाला, "फ्यूज काडू?"

बरोबर तेच करायला हवं होतं. फ्यूजची पट्टी डॅशबोर्डखाली उघडीच होती. ओढून काढली असती तर अर्ध्या मिनिटात अंधार. पण ती ओढली की पीळ दिलेली दुहेरी तार माझ्या हातात येणार, पन्नास माणसांसमोर. आता वाटतं, त्या पन्नासांत फ्यूजमधलं कळणारा माणूस एकच होता, नथू, आणि त्याला ते आधीच माहीत होतं. म्हणजे मी कोणापासून लपवत होतो, हे मला आजही नीट सांगता येत नाही.

"हात लावू नको," मी त्याला म्हणालो. "शॉक बसेल."

बारा व्होल्टचा शॉक बसत नाही. तेही नथूला माहीत होतं.

मी बटण उघडायच्या मागे लागलो. जवळ पेचकस नाही. कोणाच्या तरी सुपारीच्या अडकित्त्याने स्क्रू फिरवत बसलो. बुधाजीबाबा पाण्याच्या कडेला जाऊन ओरडत होता, "विझवा तो! माझा दिवा दिसत नाय!" त्याचे दोन कंदील आता असून नसल्यासारखे होते. सूर्यासमोर काडी पेटवावी तसे. नथूने जीप वळवायचा प्रयत्न केला, तर मागची चाकं ओल्या वाळूत रुतली. मग तो पोतं घेऊन बॉनेटवर चढला आणि त्याने ते एका लाईटवर टाकलं. हॅलोजन किती तापतो ते मी त्याला सांगितलं नव्हतं. पोत्यातून धूर निघाला, नथूचं बोट भाजलं, पोतं खाली घसरलं.

या सगळ्यात दहा मिनिटं गेली असतील.

समुद्रावरून इंजिनाचा आवाज येत होता. हिरूबाईचं हसू कधी थांबलं मला कळलं नाही. ती आवाजाकडे कान देऊन उभी होती. "आमची हाय," ती म्हणाली. प्रत्येक होडीचं इंजिन तिला आवाजावरून ओळखू येत होतं. मग तो आवाज एकदम बदलला. घोगरा झाला, जोर लावल्यासारखा. आणि बंद पडला.

बुधाजीबाबा ओरडायचा थांबला. "टेकली," तो म्हणाला.

हिरूबाई माझ्याकडे आली. तिच्या हातात मासळी कापायचा कोयता होता. मी घाबरलो हे कबूल करतो. तिने तो मुठीकडून माझ्यापुढे धरला.

"वायर कुठली ते तुमाला ठावं हाय. कापा."

मी डॅशबोर्डखाली हात घातला. वायर इतकी तापली होती की तिचं वरचं आवरण बोटाला चिकटलं. फ्यूजच्या पुढे, एका घावात कापली. अंधार झाला. आणि हळूहळू बुधाजीबाबाचे दोन कंदील परत दिसू लागले, जणू ते तिथे नव्हतेच आणि आताच कोणीतरी लावले.

मागच्या होड्या बाहेरच थांबल्या होत्या. त्या एकामागून एक नीट आत आल्या. धर्माची मात्र वाळूवर तिरकी बसली होती आणि ओहोटी सुरू झाली होती. पाणी उतरत जाणार, होडी आणखी कलंडणार, आणि लाटा तिच्या एकाच बाजूवर आपटत राहणार. दोन होड्यांनी दोर लावून ओढून पाहिलं. हलली नाही. लहान होडीतून तीन खलाशी आणि बरंचसं मावरं, म्हणजे पकडलेली मासळी, किनाऱ्यावर आणलं. धर्मा आला नाही. तांडेल होडी सोडून येत नाही म्हणे.

हिरूबाई किनाऱ्यावरून उठली नाही. मध्येच तिने मला हाक मारली आणि घरून मागवलेलं ताट माझ्यापुढे ठेवलं. पापलेटचं कालवण होतं. "जेवायला बोलावलं व्हतं मी," ती म्हणाली. एवढंच. आयुष्यात मी इतकं चांगलं कालवण इतक्या वाईट रीतीने कधी खाल्लं नाही. एक घास खाली उतरायचा, मग मी समुद्राकडे बघायचो. लाट होडीवर आपटली की फळ्यांचा आवाज ऐकू यायचा. ती प्रत्येक वेळी हाक मारायची, "धर्माऽऽ!" आणि पलीकडून "होऽऽ!" यायचं. त्या दोन आवाजांमध्ये मी श्वास घेत नव्हतो.

सकाळच्या भरतीला होडी तरंगली. धर्मा तिला आत घेऊन आला. अंगावर मीठ, डोळे लाल. होडीचा एक सांधा उघडला होता, पाणी येत होतं. बाकी धडधाकट. हिरूबाईने नवऱ्याला आधी पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि मग शिव्या द्यायला सुरुवात केली. गाव म्हणालं, चला, आता सगळं ठीक.

धर्माने चहा घेतला आणि मला विचारलं, "लाईट बिघडला. बिघडतो. पण कुठं बिघडला ते तुमाला लगेच कळलं व्हतं ना? मंग इतका येळ काय करत व्हता?"

खोटं तयार होतं. बटणाची कंपनी, ओली हवा, अडकित्ता. पण तो माणूस रात्रभर त्या फळ्यांवर बसला होता.

"माझी चूक दिसू नये म्हणून बटण उघडत बसलो," मी म्हणालो. मग रिले, बारीक वायर, दुहेरी तार, फ्यूज न काढणं, सगळं सांगितलं. नथूने विचारलं होतं तेही सांगितलं.

मग बुधाजीबाबाने विचारलं, "आज दुकान उघडं ठेवणार हाय?"

"नाही. रविवार."

"मंग बसा."

होडीचा सांधा उघडला की फटीत कापसाची वळलेली दोरी ठासून बसवतात आणि वरून लेप देतात. ज्याच्यामुळे होडी टेकली तो माणूस त्या कामाला बसतो, अशी तिथली रीत. तिथे दंड हाच. मी इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला आणि बुधाजीबाबाच्या शेजारी बसलो. तो छिन्नी कशी धरायची ते दाखवत होता आणि माझं प्रत्येक काम उकरून परत करायला लावत होता. त्याच्याइतका कडक उस्ताद मला पालघरलाही मिळाला नव्हता.

बायका मुद्दाम तिथून जात होत्या.

"काय ओ मिस्त्री, कापूस एकेरी घालताय?" कालची म्हातारी म्हणाली. "डबल घाला. मजबूत व्हईल."

"अगं, नको बोलू. शॉक बसल तुला," हिरूबाई म्हणाली.

नथू भाजलेल्या बोटाला खोबरेल लावत बसला होता. तोही हसला. त्याचं हसणं मला सगळ्यांत जास्त लागलं. आणि सगळ्यांत बरंही वाटलं.

पुढच्या आठवड्यात मी जीपचं वायरिंग मुळापासून काढलं. जाड वायर, रिले, योग्य मापाचा एकेरी फ्यूज, नवं बटण. नथूला शेजारी बसवून फ्यूज कसा काढायचा ते दाखवलं. हिरूबाईने पैसे विचारले. मी नको म्हणालो. ती म्हणाली, "फुकट केलंत तर मला वाटंल परत कायतरी बारीक घातलंय." तेव्हा घेतले. पालघरच्या माझ्या जुन्या उस्तादाने सांगितलेलाच भाव झाला, थोडा वरच. शेडमधल्या चार ड्रायव्हरांना मी हे सांगितलं. सांगायला चार दिवस लागले.

ते लाईट पुढे कित्येक वर्षं विक्रमगडच्या वाटेवर चालले. नथू परत ओढ्यात गेला नाही. किनाऱ्यावर मात्र ते लावायला बुधाजीबाबाने कायमची बंदी घातली आणि ती हिरूबाईनेही मोडली नाही.

आता माझ्याकडे दोन जण काम शिकतात. त्यांच्या हातून चुका होतात. माझ्या अजून होतात. त्यांना मी एवढंच सांगितलंय की चूक पहिल्या मिनिटाला बोललात तर एक फ्यूज काढावा लागतो. दहाव्या मिनिटाला बोललात तर रविवारभर होडीत कापूस ठासावा लागतो, आणि तोही उकरून दोनदा.